सातवं परळ

प्रेमचंद : सूप मागं घे, वहिनी. काहिलीवरून मागं घे म्हणतो ना! गुळाचा पाक चढलाय.

फुलवंता : चढू दे. आधी सूपमा काय शे ते देख, मग बोंबल.

प्रेमचंद : पाहिलं. मेलेल्या माशा. एवढंच दाखवायला नदीच्या धारेतून भिजत आलीस?

फुलवंता : एवढंच? पहाटे मी आन् कमलबाई, दोघी बेटावर गेलो. सतरा मधपेट्यांना कान लावला. सहा पेट्या मुक्या शेत. पार मुक्या. उखाची, कमलबाईची, धनसिंगची, या दोधूची, आम्हनी... दारापुढे हा असा ढीग. सूप भरलं तरी ढीग सरला नही. कमलबाई तठेच बसली शे, उठायला तयार नही.

प्रेमचंद : थंडी काय कमी पडते आहे? धुक्यात समोरचा बैल दिसत नाही. गारठून मेल्या असतील.

फुलवंता : गारठलेली माशी पेटीच्या आत मरते, एकमेकीला धरून. दारात येऊन, जीभ बाहेर काढून, पाय झाडत नही मरत.

प्रेमचंद : मग रानातल्या असतील. तापीकाठच्या सगळ्या माशा काय तुझ्या नावावर चढवल्यात?

फुलवंता : रानची माशी हळद लावून फिरते का रे? ही पाठ देख. पिवळी. चार दिवस झाले, पेट्यांच्या दारात मी हळद भुरभुरवते, बेटाची माशी कोठे जाते ते कळायला. कळलं. तुन्ह्या पाचटाच्या गंजीमागं मातीची परळं मांडलेली. परळांत रसावरची मळी. आन् मळीभोवती मन्ही हळद लागलेल्या माशा उताण्या.

प्रेमचंद : गुऱ्हाळ आहे हे. रस उकळला की मळी निघते, मळी निघाली की ती कुठंतरी ठेवावी लागते. यात गुन्हा कोणता ते दाखव.

फुलवंता : कचेरीची मराठी आठे झाडू नको. फायनल पास झालास ते सगळ्या गावाला माहीत शे. मळी खाऊन माशी मरत नही, प्रेमचंद. तिच्यात काय कालवलं?

प्रेमचंद : काही नाही.

फुलवंता : दोधू, तू सांग. तू गुळव्या शेस. या गुऱ्हाळात तुन्ह्या हुकमाशिवाय पळी हलत नही.

दोधू : मी पाककडे देखी ऱ्हायनू, जिजी.

फुलवंता : देख, देख. पाकाकडेच देख. माणसाच्या तोंडाकडे देखायचं काम तुन्हं नही.

प्रेमचंद : त्याला मध्ये ओढू नकोस. मीच सांगतो. सोमल कालवला. झालं समाधान? कोठीतल्या उंदरांसाठी आणला होता, माशांना घातला. आणि का घालू नये? महिना झाला, दिवस वर आला की काहिलीवर तुझ्या माशांचा ढग उतरतो. चरकात ऊस घालणारी सुंदरबाई, तिचा डोळा तीन दिवस मिटला होता. बैल जू टाकून नदीत पळाले. रसात पडलेल्या माशा गाळून काढतो, तरी पाय राहतात, पंख राहतात. नवापूरच्या व्यापाऱ्यानं भर बाजारात माझी भेली फोडली, आत पंख. मला विचारतो, काय पाटील, गुळात मटण केव्हापासून घालता? सगळा बाजार हसला. तू होतीस तिथं? मी होतो. मान खाली घालून गाडी माघारी आणली. मग सात परळं मांडली तर काय गावावर दरोडा घातला?

फुलवंता : किती?

प्रेमचंद : काय किती?

फुलवंता : परळं किती म्हणालास?

प्रेमचंद : मोजत बसायला मला वेळ नाही.

फुलवंता : सात म्हणालास. माले सहा सापडली. सहाच्या सहा खड्ड्यात उपडी केली, वर माती लोटली. सातवं कोठे शे?

प्रेमचंद : असेल कुठंतरी.

फुलवंता : कुठंतरी म्हणून चालणार नही. अकरा पेट्या अजून जित्या शेत. धुकं शे म्हणून माशी आत बसली शे. ऊन बेटावर चढलं की ती निघी, आन् तुन्ह्या सातव्या परळावर जाऊन बसी. घटकाभर शे मन्ह्याजवळ. सांग.

प्रेमचंद : नाही सांगत. काय करशील?

फुलवंता : हे सूप मन्ह्या हातात शे, आन् खाली तुन्ही काहील. अख्खं सूप पाकात ओतते. मग खाऊ घाल नवापूरवाल्याले, पंख काय, डोकी काय, सगळंच!

प्रेमचंद : हात तोडीन! मोठ्या भावाची बायको म्हणून ऐकून घेतोय...

फुलवंता : तोड. सूप खाली पडलं तरी काहिलीतच पडी.

दोधू : वतू नको, जिजी. त्या माशांस्ना पोटमा सोमल शे. पाकमा जाई, गूळमा जाई. लोके खातीन. पोरे खातीन. ठेव खाले.

फुलवंता : ठेवलं. घे, ठेवलं. मन्हं डोकंच फिरलं व्हतं.

प्रेमचंद : आज नाही फिरलं. चौपन्न साली त्या पेट्या बेटावर आल्या, तेव्हाच फिरलं. नऊ वर्षं झाली. माझा भाऊ आजारी पडला तेव्हा तू कुठं होतीस? बेटावर. माझ्या लग्नात हळद कुणी लावायची होती? मोठ्या वहिनीनं. वहिनी कुठं? बेटावर, राणी माशी पळाली म्हणून झाडावर चढलेली!

फुलवंता : तुन्ह्या लग्नाला बारा बायका व्हत्या हळद लावायला. राणीमागं जायला मी एकटीच व्हते.

दोधू : सातवं परळ मी सांगस.

प्रेमचंद : दोधू, तोंड सांभाळ.

दोधू : परळे मीच मांडात, जिजी. साती. पन त्यामा नुसती मळी व्हती. आठ दिन व्हयनात. माशा काहीलमा पडेत आनि तळाई जायेत. माले ते देखवाये नही. म्हटलं, दूर कोठे गोड ठेवू, तठेच खातीन, आठे येवाव नहीत. आठे कमी बी व्हयन्यात.

फुलवंता : मग सोमल?

दोधू : ते काल सांजले कळनं. मालकना हातमा पुडी देखी तवय.

फुलवंता : आन् तू गप बसलास.

दोधू : बसनू.

फुलवंता : तुन्ही बी पेटी गेली शे त्यात.

दोधू : ते आते तू सांगं तवय कळनं.

फुलवंता : रडू नको. रडायला दिवस पडला शे. सातवं कोठे ते बोल.

दोधू : बेटवर. वरल्या टोकले, करंजना बुडशी. तठल्या पेट्यास्नी माशी आठलोंग येवालेच नको, म्हनीसन तठेच ठेवं.

फुलवंता : बेटावर एकटा गेलास?

दोधू : एकटाच.

फुलवंता : दोन घरांची दोन माणसं असल्याबिगर बेटावर पाय ठेवायचा नही, हे कोणी ठरवलं व्हतं? तुन्हा बाप व्हता तवय पारावर. कोणत्याच पेटीवर कोणाचं नाव लिहायचं नही, आन् कोणी एकटं जायचं नही. जो एकटा गेला त्याची पेटी सतरा घरांच्या मंडळाची, त्याला बेट बंद. मध चोरला नही तरी बंद! म्हणून तर नऊ वर्षांत एका पोळ्यावरून या गावात भांडण झालं नही.

दोधू : माले माहीत शे, जिजी.

प्रेमचंद : वा! तुमचाच माणूस, तुमचाच नियम, तुमचंच परळ. आणि शिव्या प्रेमचंदला.

फुलवंता : त्या परळात सोमल घातला का?

प्रेमचंद : नाही.

फुलवंता : खरं सांग.

प्रेमचंद : मी बेटावर जात नाही. मी तुमच्या मंडळात नाही, पण नियम मलाही ठाऊक आहे. गंजीमागच्या सहांत घातला, सातव्यात नाही. साधी मळी आहे.

फुलवंता : दोधू, जाय. घेऊन ये ते. तठे कमलबाई शे, एकटा नसशी. पळत जाय.

प्रेमचंद : कुठं निघालास? पाक चिकटेल! अर्ध्या घटकेत काहील उतरवायची आहे!

दोधू : जाळ वढी लिधा मी. पाक वाट देखस, मालक. ऊन देखत नही.

प्रेमचंद : दोधू! अरे ए! ... गेला. पाहिलंस? नऊ वर्षांत तू हे केलंस. माझ्या गुऱ्हाळावर माझंच ऐकायला माणूस नाही.

फुलवंता : त्याचा हात राखेत शे वीस वर्षं, आन् गुऱ्हाळ म्हणे मन्हं.

प्रेमचंद : आता दोघंच आहोत तर एक विचारतो. गुऱ्हाळ वीस वर्षं आहे इथं. पेट्या नऊ वर्षं. गेल्या वर्षी माशा का नाही आल्या? त्याच्या आधीच्या वर्षी का नाही? औंदाच कशा आल्या? आणि पहिल्या दिवशी, पहिल्या काहिलीला! चुलवाण पेटलं, रसाला फेस आला, आणि बेटावरून रेघ ओढल्यासारख्या सरळ आल्या. जणू अक्षता दिल्या होत्या त्यांना.

फुलवंता : फूल कमी शे औंदा.

प्रेमचंद : खोटं. करंजं लगडली होती. वहिनी, माझी बायको रंजना माझ्याजवळ बोलली.

फुलवंता : काय बोलली?

प्रेमचंद : श्रावणात तू तिच्याकडून काकवीच्या दोन घागरी नेल्यास. मागल्या दारानं. मला सांगू नको म्हणालीस.

फुलवंता : ...नेल्या.

प्रेमचंद : कशाला? भाकरीशी खायला? भाऊ गेल्यापासून घरात तू एकटी, दोन घागरी काकवी!

फुलवंता : तुले माहीत शे कशाला.

प्रेमचंद : तुझ्या तोंडून ऐकायचंय. मधखात्याचा साहेब आला होता, पारावर बसून सांगून गेला होता. पावसाळ्यात फूल नसतं, पेट्यांना साखरेचं पाणी द्या. गूळ देऊ नका, काकवी देऊ नका. त्याचं पोट बिघडतं आणि चटक लागते. मी तिथंच उभा होतो. मंडळात नसून मला पाठ आहे, आणि तू मंडळाची मुख्य!

फुलवंता : साखर व्हती. साखरेवर कंट्रोल, दुकानात दाणा नही, तरी सतरा घरांनी मूठमूठ काढून दिली. कोणी सणाची काढली, कोणी बाळंतिणीची. डबा भरला. आन् तो डबा मी तापीत घालवला.

प्रेमचंद : घालवला म्हणजे?

फुलवंता : पूर उतरत नव्हता. बारा दिवस बेटावर कोणी गेलं नव्हतं. पेट्यांत बोटभर मध नसणार, माले हिशेब व्हता. एकेकाच्या दारी गेले, चल रे सोबत. कोणी येईना. का येतीन? पाणी लाल व्हतं, झाडं वाहून जात व्हती. मग मी डोंगी सोडली.

प्रेमचंद : एकटी?

फुलवंता : एकटी.

प्रेमचंद : आणि आत्ता त्या दोधूला बापाची आठवण करून देत होतीस!

फुलवंता : हां. ज्या तोंडानं दिली ते हेच तोंड. अर्ध्या पाण्यात डोंगी कलंडली. मी जांभळीच्या फांदीला लटकले. डबा गेला. झाकण उघडलं, पाण्यावर पांढरं पसरलं, आन् गोड न होताच गेलं. सतरा घरांची साखर. मग कोणत्या तोंडानं परत मागू? रंजनाकडे गेले.

प्रेमचंद : आणि पुन्हा एकटीच बेटावर.

फुलवंता : चार वेळा. पेटीपेटीपुढे वाटीत काकवी ठेवली. जगल्या. सतराच्या सतरा जगल्या. भादव्यात लोकांनी पारावर नारळ दिला मन्ह्या हातात. म्हणाले, फुलवंताबाईनं पुरात माशा राखल्या. साखर कामाला आली. मी नारळ घेतला.

प्रेमचंद : घेतलास!

फुलवंता : घेतला. फोडून वाटला बी. आन् मार्गशीर्षात तुन्ह्या चुलवाणाचा पहिला वास उठला, तवय माशांना वाटलं असेल, फुलवंता वाटी घेऊन आली. त्यांची काय चूक? मी शिकवलं ते शिकल्या.

प्रेमचंद : मग महिनाभर मला गावात राक्षस कशाला केलंस? प्रेमचंदचं गुऱ्हाळ माशा खातं, प्रेमचंदनं हा उद्योग मुद्दाम केला, हे बोलत फिरलीस ना?

फुलवंता : फिरले. मन्हं झाकायला तुन्हं उघडं केलं. पण तुन्ह्याकडे आले व्हते का नही मी? पायरीवर उभी राहून सांगितलं, गुऱ्हाळ सांजेला लाव, पहाटे उतरव. अंधारात माशी उडत नही. तुन्हा गूळ बी निघी, मन्ह्या माशा बी राहतीन. काय बोललास?

प्रेमचंद : बोललो, माशीसाठी प्रेमचंद घुबड होणार नाही. आजही तेच बोलतो.

फुलवंता : सगळे हसले तुन्ह्या ओट्यावर.

प्रेमचंद : तू तेव्हा काकवीचं सांगितलं असतंस तर?

फुलवंता : तर ऐकलं असतंस?

प्रेमचंद : नसतं ऐकलं. पण तू सांगितलंही नाहीस. आता माझं ऐक. शांतपणे ऐक. तुझं माझ्याजवळ राहील, माझं तुझ्याजवळ. सहा पेट्या थंडीनं मेल्या. दोधूला मी समजावतो. सातवं परळ आलं की मातीत जाईल, पुडी मी नदीत टाकतो...

फुलवंता : नदीत? ढोरं पितात, आपण पितो!

प्रेमचंद : बरं, पुरतो. पुरतो! आणि तू संक्रांतीपर्यंत पेट्यांची दारं चिखलानं लिंप. तोवर माझा ऊस सरतो. तुझा नारळ तुझ्याजवळ, माझा बाजार माझ्याजवळ. भाऊबंदकीत यापेक्षा चांगला निवाडा होत नाही.

फुलवंता : दार लिंपलेली माशी आठ दिवसांत मरते. तू सोमलानं मारायची, मी कोंडून मारायची. निवाडा चांगला शे.

प्रेमचंद : मग तुला काय पाहिजे?

फुलवंता : अकरा पेट्या.

(धुकं पातळ होऊ लागलं होतं. नदीच्या दोन धारांमधलं बेट आता काळ्या म्हशीच्या पाठीसारखं वर आलं होतं, आणि त्याच्या शेंड्यावर उन्हाची एक बारीक किनार चढत होती. फुलवंता त्या किनारीकडे पाहत होती आणि मनातल्या मनात पेट्या मोजत होती. दोधू गुडघाभर पाण्यातून परळ दोन्ही हातांनी छातीशी धरून आला. परळ काठोकाठ भरलेलं होतं, आणि त्यावर एकही माशी नव्हती. तिच्या जिवात जीव आला, पण अर्धाच.)

दोधू : हे देख. भिडनं नही कोन्ही अजून.

प्रेमचंद : झालं तर! माशी नाही, मेलेली नाही, काही नाही. साधी मळी. मी सांगत होतो.

फुलवंता : साधी?

प्रेमचंद : साधी.

फुलवंता : मग चाट.

प्रेमचंद : काय?

फुलवंता : बोट बुडव आन् चाट. मळीच शे ना? मी नवी नवरी व्हते, तू सात वर्षांचा. याच चुलवाणापाशी फतकल मारून बसायचास आन् मागायचास, वहिनी, मळी दे. मीच वाटी भरून द्यायची. चाट.

प्रेमचंद : धूळ बसलीय त्यावर. आठ दिवस उघड्यावर पडलंय.

फुलवंता : वरचं सार, खालचं चाट.

प्रेमचंद : असल्या पोरखेळाला मला वेळ नाही. पाक थंड होतोय तिकडं.

फुलवंता : एक बोट. मग मी पाया पडते तुन्ह्या, भर गावात. लहान दिराच्या पाया पडलेली बाई कोणी देखली नसेल. देखतीन. चाट.

प्रेमचंद : वहिनी, फार झालं.

दोधू : सरक, जिजी. परळ मन्हं शे, मळी मीच भरी व्हती. मीच चाटस.

प्रेमचंद : दोधू, ठेव ते खाली.

दोधू : मालक म्हनतस साधी शे.

प्रेमचंद : ठेव म्हणतो ना! ... बोट काढ! बोट काढ त्यातनं, मूर्खा! तोंडाला नेऊ नको! पूस! राखेत घास ते, राखेत!

फुलवंता : घास, दोधू. चांगला घास. ती घागर घे, पाणी वरून ओत. पुन्हा घास.

दोधू : घासस, जिजी.

फुलवंता : नखात बी देख. ... कधी गेला व्हतास बेटावर, प्रेमचंद?

प्रेमचंद : काल. दिवस बुडताना.

फुलवंता : एकटा.

प्रेमचंद : एकटा. भिजलेले कपडे कुणी पाहू नयेत म्हणून भीमसिंगची डोंगी मागून नेली.

फुलवंता : तवय माशी आत गेलेली असते. म्हणून वाचल्या. आन् आज ऊन चढलं असतं, तर त्या टोकाच्या पेट्या दुपारलोंग गेल्या असत्या. तू आठे बसून पाक ढवळत असतास.

प्रेमचंद : मी माणूस मारायला निघालो नव्हतो.

फुलवंता : ते आत्ता देखलं. दोधूचं बोट धरलंस. नही तर मी तुले आज माणसांत मोजलं नसतं.

दोधू : जिजी, ऊन उनं. आयक. निंघन्यात.

फुलवंता : काहिलीवर ओलं गोणपाट टाक, दोधू. चरकावर बी टाक. रसाची घागर झाक. परळ खड्ड्यात घाल, सहांच्या बाजूला. आन् कोणी हात हलवू नका. आल्या तर आल्या. वास येतो, पण रस कोठे नही, असं कळलं की फिरून जातीन.

प्रेमचंद : पाक वाया गेला. आजची काहील गेली माझी.

दोधू : गयी. मालक, सांजले परत चढाडसू. सांजपाईन पहाटलोंग. मी बठसू जाळपुढे.

प्रेमचंद : मी दिवसाच लावणार.

दोधू : लाव. गुळव्या दुसरा आन मंग. मार्गशीर्षमा भेटस का देख.

प्रेमचंद : तूही शिकलास तर.

फुलवंता : आज तिसऱ्या प्रहरी पारावर सतरा घरं बोलावते.

प्रेमचंद : पोलीस पाटलाकडं नाही?

फुलवंता : तो येऊन काय करी? मेलेल्या माशांचा पंचनामा? पारावर. आधी मी बोलसू. साखर, डोंगी, काकवी, नारळ. चार वेळा एकटी गेले, ते चारही वेळा.

प्रेमचंद : वेडी आहेस का तू? कुणाला ठाऊक नाही. मी बोलणार नाही, रंजना बोलणार नाही. तू बोललीस तर तुला बेट बंद. नऊ वर्षं! उखा, धनसिंग, सगळे तुझ्या अंगावर येतील. साखर दिली होती त्यांनी.

फुलवंता : येतीन. यायलाच पाहिजे. उखाची बायको बाळंतपणाची साखर काढून देत व्हती, मी घेत व्हते.

प्रेमचंद : पेट्यांचं मग कोण पाहील? राणी पळाली तर झाडावर कोण चढेल?

फुलवंता : कमलबाई शिकली शे. मी नसले तर अजून शिकी. माले काठावर बसून आवाज येतो तेवढा पुरे.

दोधू : मन्हं बी मी सांगसू. एकटा गयथू म्हनीसन. पेटी तशी बी मरी गयी, पन बेट बंद व्हयी ते व्हवो.

फुलवंता : सांग. मन्ह्यामागून उभा राहा.

प्रेमचंद : आणि माझं? सोमलाचं कोण सांगणार?

फुलवंता : तू.

प्रेमचंद : मी मंडळात नाही. पारावर मला उभं करायचा तुम्हाला अधिकार नाही.

फुलवंता : नही. कोणी ओढून आणणार नही तुले.

प्रेमचंद : आणि मी आलोच नाही, तर?

फुलवंता : तर नको येऊ. मी मन्हं सांगसू, दोधू त्याचं सांगी, आन् मग आम्ही गप बसू. दोधूच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवसू. लोक देखतीन.